शाळा सुरू होण्याआधीचे चार आठवडे : मुलांच्या तब्येतीची तयारी, टप्प्याटप्प्याने

वह्या, कंपासपेटी, नवं दप्तर ही खरेदी सहसा कुणाची राहत नाही. मुलंच ती राहू देत नाहीत. राहतात त्या भलत्याच गोष्टी. गेलं वर्षभर मुलाला फळा नीट दिसत होता का? शाळा सुटेपर्यंत ते लघवी दाबून बसत होतं का? इनहेलरमध्ये औषध शिल्लक आहे का? यातलं काहीही मूल आपणहून सांगत नाही. लपवायचं असतं म्हणून नव्हे. ज्याची नजर हळूहळू अधू झाली त्याला सगळ्यांनाच असं दिसतं असं वाटतं, आणि लघवी दाबून ठेवणं तर मुलांच्या लेखी शाळेचा भागच असतो. विचारल्याशिवाय, बघितल्याशिवाय हे कळत नाही.

म्हणून इथला क्रम खरेदीपासून नाही, तपासणीपासून सुरू होतो. चार आठवडे हातात असतील तर सगळं निवांत होतं. दोनच उरले असतील तर डॉक्टरांची भेट आणि झोप एवढं आधी धरा, बाकीचं शाळा सुरू झाल्यावरही करता येतं.

चार आठवडे आधी : भेटी ठरवून टाका

शाळा उघडायच्या आठवड्यात सगळ्याच पालकांना एकदम आठवण होते आणि दवाखान्यात बसायला जागा उरत नाही. पण लवकर जायचं खरं कारण गर्दी नाही. लस घेतल्यावर शरीरात संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. दातात कीड निघाली तर दोन-तीन फेऱ्या होतात. चष्मा लागला तर तो बनून यायला आणि मुलाला त्याची सवय व्हायला वेळ हवा.

आधी लसीकरणाचं कार्ड शोधा. वेळापत्रक देशागणिक थोडं बदलतं, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पण दोन वयं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. 4 ते 6 वर्षांच्या दरम्यान घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताचा बूस्टर असतो, आणि 10 ते 12 च्या आसपास पुन्हा एक. बाळपणीच्या लसी आईवडील डोळ्यांत तेल घालून देतात. चुकतात ते हे मधले बूस्टर, कारण तोवर मूल मोठं झालेलं असतं आणि कार्ड कुठल्यातरी फायलीत गेलेलं असतं. गोवराच्या लसीचे दोन्ही डोस झालेत ना, हे मुद्दाम पाहा. गोवर हा सर्वांत वेगाने पसरणाऱ्या आजारांपैकी एक. संरक्षण नसलेली 10 माणसं रुग्णाच्या जवळ आली तर त्यातल्या 9 जणांना तो होऊ शकतो, आणि रुग्ण निघून गेल्यावरही विषाणू खोलीच्या हवेत 2 तासांपर्यंत टिकून राहतो. बंद वर्गखोलीत याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको. 9 ते 14 या वयात एचपीव्हीची (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूवरची) लस देतात, तिच्याबद्दलही याच भेटीत विचारा. एखादा डोस राहून गेला असेल तर सहसा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, जिथे थांबलं तिथून पुढे जाता येतं.

डॉक्टरांकडे उंची-वजन होईलच. त्याखेरीज काय विचारायचं ते घरूनच कागदावर लिहून न्या. रोज रात्री घोरतो, लवकर दमते, पाय दुखतात म्हणतो, सतत तोंडाने श्वास घेते, असं काहीही. दवाखान्यात गेल्यावर निम्मं विसरायला होतं.

डोळे, कान, दात

डोळ्यांवर थोडा जास्त वेळ घालवतो, कारण इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. ज्या मुलाचा एक डोळा चांगला आणि एक अधू असतो, त्याला घरी-दारी काहीच अडत नाही. चांगला डोळा सगळं सांभाळून घेतो. मेंदू मात्र अधू डोळ्याकडून येणारं चित्र हळूहळू बाजूला टाकायला लागतो. याला 'आळशी डोळा' म्हणतात, आणि त्यावरचे उपचार साधारण सात वर्षांच्या आत सुरू झाले तर सर्वांत चांगले लागू पडतात.

घरी प्राथमिक अंदाज घेता येतो. भिंतीवर मोठ्या अक्षरांचं कॅलेंडर किंवा तक्ता लावा, मुलाला लांब उभं करा आणि एक डोळा पूर्ण झाकून वाचायला सांगा, मग दुसरा. झाकताना मुलं बोटांच्या फटीतून हमखास बघतात, म्हणून झाकणारा तळवा तुमचा असू द्या. आणि दुसऱ्या डोळ्याच्या वेळी अक्षरं बदला, नाहीतर ती पाठ झालेली असतात. एका डोळ्याने वाचताना मूल अडखळलं, पुढे सरकलं किंवा तुमचा हात काढायला लागलं, तर पुढचं काम नेत्रतज्ज्ञाचं. एरवीच्या खुणा म्हणजे डोळे बारीक करून बघणं, मान तिरपी करणं, वाचताना ओळ चुकणं, संध्याकाळी कपाळ दुखणं, फळ्यावरून उतरवून घेताना चुका होणं पण पुस्तकातून उतरवताना न होणं. ही शेवटची खूण वह्या चाळताना सापडते. शाळेतल्या शिबिरात 'नजर ठीक' असा शेरा मिळाला म्हणून निश्चिंत होऊ नका. ती चाळणी असते, पूर्ण तपासणी नव्हे.

दूरचं न दिसण्याचा दोष मुलांमध्ये वाढतो आहे, आणि त्यावर हातात असलेला सगळ्यात सोपा उपाय म्हणजे मोकळ्या उजेडात घालवलेला वेळ. रोज दोनेक तास बाहेर असणाऱ्या मुलांमध्ये हा दोष सुरू होण्याचं प्रमाण कमी आढळतं. बाहेर काय करतात याला फारसं महत्त्व नाही, खेळोत की नुसती बसोत. जवळचं काम करताना दर 20 मिनिटांनी 20 फुटांवरच्या वस्तूकडे 20 सेकंद बघायची सवय डोळ्यांचा थकवा कमी करते.

कानांचं थोडक्यात. सर्दी वारंवार होणाऱ्या लहान मुलांच्या पडद्यामागे पाणी साठून राहतं आणि काही आठवडे कमी ऐकू येतं. दुखत नाही, त्यामुळे कळत नाही. कळतं ते एवढंच की मूल 'लक्ष देत नाही', टीव्हीचा आवाज वाढवतं, दोनदा सांगावं लागतं. शिक्षकांकडून 'लक्ष नाही' अशी तक्रार आली की रागवायच्या आधी कान तपासून घ्यावेत असं माझं मत आहे.

दातांच्या बाबतीत सहाव्या वर्षाकडे लक्ष हवं. त्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे, अगदी शेवटी, पहिली कायमची दाढ येते. त्यासाठी कुठला दात पडत नाही, म्हणून ती आली हे घरात कुणालाच समजत नाही आणि तिला दुधाची दाढ समजून दुर्लक्ष होतं. ती किडली तर तिच्या जागी दुसरी येणार नाही. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं, फ्लोराइड असलेल्या पेस्टने ब्रश. तीन ते सहा वयात पेस्ट वाटाण्याएवढी पुरे, त्याहून लहान असेल तर तांदळाच्या दाण्याएवढी. सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचा ब्रश तुमच्या हातून एकदा फिरलाच पाहिजे. 'माझं मी करते' हे कौतुकाचं असलं तरी मागच्या दाढांपर्यंत तो हात पोचत नाही.

दमा, ॲलर्जी किंवा कायमचं औषध असेल तर

ज्या घरात हा प्रश्न नाही त्यांनी हा भाग सोडून पुढे जावं. ज्यांच्याकडे आहे त्यांनी मात्र इथे घाई करू नये.

सुट्टीत दम्याचं मूल बरं असतं. मग रोज घ्यायचा प्रतिबंधक इनहेलर हळूहळू सुटतो, कारण 'आता त्रास कुठे आहे?' शाळा सुरू होते, वर्गातली सर्दी घरी येते आणि दोन-तीन आठवड्यांत मूल धापा टाकायला लागतं. हा प्रकार इतका नेमाने घडतो की उत्तर गोलार्धात जिथे शाळा सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडतात, तिथे त्याच महिन्याच्या उत्तरार्धात दम्याच्या झटक्यांनी रुग्णालयात येणारी मुलं एकदम वाढतात. म्हणून प्रतिबंधक औषध बंद पडलं असेल तर डॉक्टरांशी बोलून ते शाळेच्या काही आठवडे आधीच पुन्हा नियमित करा. त्याचा परिणाम दिसायला वेळ लागतो.

इनहेलर हातात घेऊन बघा : वापरायची शेवटची तारीख, आतले डोस, स्पेसरला (इनहेलरला जोडायच्या पोकळ नळीला) तडा गेलाय का. मग मुलाला तुमच्यासमोर घ्यायला लावा. इनहेलर हलवायचा, स्पेसरला जोडायचा, तोंडाचा भाग ओठांनी घट्ट धरायचा, एकच पफ दाबायचा आणि सावकाश पाच श्वास आत-बाहेर. पुढच्या पफच्या आधी अर्धा ते एक मिनिट थांबायचं आणि पुन्हा हलवायचा. दोन पफ लागोपाठ दाबणं ही सर्रास होणारी चूक आहे, त्यात बरंचसं औषध स्पेसरमध्येच वाया जातं. स्टेरॉइडचा इनहेलर असेल तर नंतर चूळ भरायची.

अन्नाची किंवा कीटकदंशाची गंभीर ॲलर्जी असेल आणि डॉक्टरांनी ॲड्रेनालिनचं इंजेक्शन दिलेलं असेल, तर ते शाळेत कुठे राहणार हे ठरवून घ्या. मुख्याध्यापकांच्या कुलूपबंद कपाटात ठेवलेलं इंजेक्शन ऐन वेळी मिळेल का, हा प्रश्न स्पष्ट विचारायला संकोच नको. श्वास लागला, ओठ-जीभ सुजली, मूल गळून गेलं, तर आधी मांडीच्या बाहेरच्या बाजूला हे इंजेक्शन आणि लगेच आपत्कालीन मदत. ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही.

मधुमेह, फिट्स, हृदयाचा त्रास, काहीही असो, शाळेला एका पानावर लेखी द्या. मुलाचा फोटो, आजाराचं नाव, त्रास सुरू झाल्याची लक्षणं, पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं, काय करायचं नाही, आणि दोन फोन नंबर. 'काय करायचं नाही' हा रकाना सोडू नका. फिट आलेल्या मुलाच्या तोंडात चमचा घालणारे हात आजही आहेत. तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं, आणि 5 मिनिटांत थांबली नाही तर रुग्णवाहिका बोलवायची, एवढं लिहिलेलं असलं तरी मोठं काम होतं. वर्गशिक्षकांबरोबरच खेळाच्या शिक्षकांना आणि बसमधल्या माणसालाही त्याची प्रत द्या.

तीन आठवडे आधी : झोपेचं घड्याळ मागे आणा

किती झोप लागते ते आधी. 3 ते 5 वर्षांच्या मुलांना दुपारची धरून 10 ते 13 तास, 6 ते 12 वयाच्यांना 9 ते 12 तास, आणि 13 ते 18 वयाच्यांना 8 ते 10 तास. उठायची वेळ शाळा ठरवते, तेव्हा तिथून उलटं मोजा. सकाळी सहाला उठायचं असेल तर आठ वर्षांच्या मुलाने रात्री साडेआठ-नऊला झोपेत असायला हवं. अंथरुणात नव्हे, झोपेत.

सुट्टीत हे घड्याळ दीड-दोन तास पुढे गेलेलं असतं आणि एका रात्रीत ते मागे येत नाही. लवकर झोपवायचा प्रयत्न केला तर मूल अंधारात टक्क जागं पडून राहतं आणि घरात वादावादी होते. म्हणून सुरुवात रात्रीपासून नको, सकाळपासून करा. दर दोन-तीन दिवसांनी उठायची वेळ 15 मिनिटांनी अलीकडे घ्या. दीड तास सरकवायचा असेल तर असे सहा टप्पे होतात, म्हणजे साधारण दोन-अडीच आठवडे. उठल्याबरोबर उजेडात न्या : गॅलरी, अंगण, खिडकी, जे असेल ते. सकाळचा उजेड शरीराचं घड्याळ अलीकडे ओढतो, रात्रीचा उजेड ते पलीकडे ढकलतो. दिवसभर अंग हललं की रात्रीचं काम सोपं होतं. 5 ते 17 वयोगटाला रोज सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल हवी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

झोपायच्या तासभर आधी स्क्रीन बंद. इथे नियमापेक्षा जागा उपयोगी पडते. घरातल्या सगळ्यांचे फोन रात्री एकाच ठिकाणी, झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला लागले तर भांडण राहत नाही. सगळ्यांचे म्हणजे तुमचाही.

किशोरवयीन मुलांबद्दल एक सांगायला हवं. त्यांना उशिरा झोप येते ती केवळ मोबाइलमुळे नाही. वयात येताना मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक रात्री उशिरा स्रवायला लागतं. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने 2014 मध्ये माध्यमिक शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली, ती याच कारणाने. शाळेची वेळ आपल्या हातात नसते, पण 'आळशी आहे' हे म्हणणं थांबवता येतं. सुट्टीच्या दिवशी थोडं उशिरा उठू द्यावं, पण तासाभरापेक्षा जास्त नको, नाहीतर पुढच्या सकाळी घड्याळ पुन्हा तिथेच.

आठ-नऊ तास झोपूनही मूल दिवसा चिडचिडं, अस्वस्थ राहत असेल आणि बहुतेक रात्री घोरत असेल, मधे श्वास अडकल्यासारखा वाटत असेल, तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला. अपुऱ्या झोपेने मोठी माणसं पेंगतात, मुलं मात्र कित्येकदा उलट चळवळी होतात.

पाणी, डबा आणि ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते स्वच्छतागृह

बाटली भरलेली गेली आणि जवळजवळ तशीच परत आली, तर बहुतेक घरांत 'पाणी पीत जा' असं बजावलं जातं आणि विषय संपतो. खरा प्रश्न असतो की मूल पाणी का टाळतंय. पुष्कळदा उत्तर एकच : पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि तिथे जायचं नसतं.

'शाळेत बाथरूम कसं आहे?' असं विचारलं तर 'ठीक' एवढंच उत्तर येतं. बारीक विचारा. कडी लागते का? पाणी असतं का? वास येतो का? मोठी मुलं तिथे काय करतात? तासाला विचारलं तर जाऊ देतात का? मधल्या सुट्टीत रांग किती? एखाद्या उत्तरावर मूल गप्प झालं तर दुखणं तिथे आहे. कडी नसणं ही शाळेशी बोलून दोन दिवसांत सुटणारी गोष्ट असते, पण ती कुणी सांगितलेलीच नसते.

दाबून ठेवण्याचे परिणाम खरे आहेत. लघवी दाबल्याने संसर्गाचा धोका वाढतो, मुलींमध्ये जास्त. शौच दाबून ठेवलं की मळ कडक होतो, जायला दुखतं, दुखतं म्हणून मूल आणखी दाबतं. पुढे आतडं ताणलं जातं, तिथली जाणीव बोथट होते आणि कडक मळाच्या कडेने पातळ शौच कपड्यांत झिरपतं. घरच्यांना वाटतं जुलाब आहेत किंवा मुद्दाम करतोय. मूळ आजार बद्धकोष्ठता असतो, आणि त्यावर ओरडणं सोडून बाकी सगळे उपाय चालतात.

म्हणून शाळेच्या दोन-तीन आठवडे आधी सकाळची बैठक बसवा. पोटात अन्न गेलं की आतड्याला आपोआप चालना मिळते, त्यामुळे न्याहारीनंतर पाच-दहा मिनिटं बसायचं. कमोड असेल तर पायाखाली लहान स्टूल, गुडघे कमरेपेक्षा थोडे वर. त्यासाठी उठण्याच्या वेळेत वीस मिनिटं आधीच धरलेली असावीत. बसच्या हॉर्नच्या तालावर कुणालाच होत नाही. लहानग्यांना पॅन्टचं बटण, चेन, नाडी स्वतः सोडता-बांधता येते का ते घरी पाहा. येत नसेल तर पहिले काही महिने इलॅस्टिकची पॅन्ट घाला. मुलींना पुढून मागे पुसायला शिकवा.

मुलगी नऊ-दहाची झाली असेल तर पाळीबद्दल आताच बोला. सरासरी बाराव्या वर्षाच्या आसपास येते, पण काहींना नवव्या वर्षीही येते, आणि पहिल्यांदा ती वर्गातच येऊ शकते. दप्तरात एका लहान पाऊचमध्ये दोन पॅड, एक अंतर्वस्त्र आणि एक कागदी पिशवी. पॅड कसं लावायचं ते घरी एकदा करून दाखवा, चार ते सहा तासांनी बदलायचं असतं हे सांगा, आणि कपड्यांना डाग लागला तर शाळेत कुणाकडे जायचं ते नावानिशी ठरवून ठेवा.

पाण्याचा अंदाज : 4 ते 8 वर्षांना दिवसभरात साधारण 5 पेले, 9 ते 13 ला 7-8, उकाड्यात किंवा खेळाच्या दिवशी जास्त. मोजत बसायचं नसेल तर लघवीचा रंग पाहा, फिकट पिवळा असला की झालं.

डब्याबद्दल सल्ल्यांचा पूर आहे, म्हणून त्यात न पडता तीनच गोष्टी. डबा मुलाला स्वतः उघडता येतो का आणि दहा-पंधरा मिनिटांत संपवता येतो का, हे घरी घड्याळ लावून एकदा पाहा. अर्धवट परत येणाऱ्या डब्याचं कारण चव नसून झाकण असू शकतं. दुसरं, शिजवलेलं अन्न साध्या तापमानाला 2 तासांपेक्षा जास्त राहिलं की जंतू झपाट्याने वाढतात, फार उष्म्यात हा अवधी तासाभरावर येतो. लवकर खराब होणारे पदार्थ द्यायचे तर उष्णता टिकवणारा डबा किंवा बर्फाची पिशवी हवी. तिसरं, चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खी द्राक्षं आणि अख्खे दाणे देऊ नका. द्राक्षं उभी चिरा, ती घशात अडकतात.

हात धुणं साबणाने 20 सेकंद, खाण्याआधी आणि स्वच्छतागृहातून आल्यावर. सॅनिटायझर पाणी नसेल तेव्हासाठी. उलट्या-जुलाबांच्या काही विषाणूंवर तो नीट चालत नाही.

दोन आठवडे आधी : दप्तर आणि बूट

दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास राहावं, म्हणजे 25 किलोच्या मुलाला अडीच किलो. वजनकाट्यावर आधी तुम्ही नुसते उभे राहा, मग भरलेलं दप्तर घेऊन. फरक म्हणजे दप्तर. रिकामं दप्तरच किलोभर असेल तर ते कितीही सुंदर असलं तरी दुकानात राहू द्या. जड वस्तू पाठीला लागून, दोन्ही पट्टे खांद्यावर, आणि दप्तराचा तळ कमरेच्या खाली लोंबकळायला नको. आठवड्यातून एकदा मुलाबरोबर ते पूर्ण रिकामं करा. तळाशी काय काय सापडतं याची यादी इथे देत नाही.

बुटांसाठी पाय संध्याकाळी मोजा, तेव्हा ते किंचित फुगलेले असतात. मुलाला कागदावर उभं करून दोन्ही पावलं आखून घ्या. मोठं निघालेलं पाऊल धरायचं. सगळ्यात लांब बोटापुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा हवी, आणि लांब बोट प्रत्येकाचं अंगठाच असतं असं नाही. 'वाढत्या अंगाचे' म्हणून दोन नंबर मोठे घेतलेले बूट पायात सरकतात, फोड येतात, मूल पडतं. नवे बूट आठवडाभर घरात घालून फिरू द्या.

चालत किंवा सायकलने जाणार असेल तर रस्ता त्याच वेळेला बरोबर चालून पाहा, रिकाम्या दुपारी नको. येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर साधारण दहा वर्षांपर्यंत मुलांना नीट जोखता येत नाही, तोवर ओलांडताना मोठं माणूस हवंच. गाडीत तेरा वर्षांपर्यंत मागची सीट आणि पट्टा.

शेवटचा आठवडा : मन

मुलं भीतीला भीती म्हणत नाहीत. पोट दुखतं म्हणतात. ते खोटं नसतं, खरोखर दुखतं. फरक वेळेत असतो : शाळेच्या दिवशी सकाळी दुखतं, दहा वाजता थांबतं, सुट्टीच्या दिवशी नसतंच. झोपेतून उठवणारं दुखणं, वजन घटणं, शौचातून रक्त, वारंवार उलट्या किंवा ताप असेल तर तो वेगळा विषय, डॉक्टरांकडे जा.

'घाबरू नकोस, मजा येईल' याने काही होत नाही. माहिती दिल्याने होतं. वर्ग कुठे आहे, बाई कोण, डबा कुठे खायचा, बस चुकली तर काय, न्यायला कोण येणार. शाळेच्या फाटकापर्यंत एकदा जाऊन या. एखाद्या वर्गमित्राशी आधी गाठ घालून द्या, ओळखीचा एक चेहरा पुष्कळ ओझं उतरवतो. अगदी लहान मुलाचा निरोप थोडक्यात घ्या. कधी परत येणार ते त्याला कळेल अशा भाषेत सांगा, 'खाऊ खाल्ल्यावर, गोष्ट झाल्यावर', आणि निघा. नजर चुकवून पळू नका आणि दारात रेंगाळूही नका. दोन्हींनी रडणं लांबतं.

भीतीपोटी घरी ठेवलं की त्या दिवशी सुटका होते आणि दुसऱ्या दिवशी भीती दुप्पट होऊन उभी राहते. म्हणून पाठवायचं, पण कारणही शोधायचं. वस्तू वारंवार हरवणं, फाटलेलं दप्तर, अचानक गप्प होणं, वेगळ्याच रस्त्याने जायचा हट्ट, यामागे कुणी छळणारं असू शकतं. दोन आठवडे उलटूनही रोज सकाळी रडारड असेल तर शिक्षकांबरोबर बसा.

शाळा सुरू झाल्यावर : घरी कधी ठेवायचं

पहिल्या काही आठवड्यांत सर्दी येणारच. लहान मुलांना वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणं स्वाभाविक आहे, पहिल्यांदाच शाळेत जाणाऱ्यांना त्याहून जास्त. त्यामुळे प्रतिकारशक्ती कमी आहे असं लगेच समजू नका आणि ती 'वाढवणाऱ्या' बाटल्यांमागेही धावू नका.

नुसतं नाक वाहतंय, थोडा खोकला आहे, पण खातंय, खेळतंय, तर शाळा चालेल. 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप असेल तर घरी, आणि तापाचं औषध न देता पूर्ण 24 तास ताप नसल्यावर शाळा. सकाळी पॅरासिटामॉल देऊन पाठवलेलं मूल दुपारी तापाने फणफणून परत येतं, तोवर शेजारच्या दोघांना वाटा मिळालेला असतो. मुलांना ॲस्पिरिन डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कधीच देऊ नका. विषाणूजन्य तापात त्यामुळे रेज सिंड्रोम हा यकृत आणि मेंदूचा क्वचित होणारा पण घातक आजार होऊ शकतो. उलट्या-जुलाब थांबल्यावर 24 तास, शक्य असेल तर 48 तास घरी. कांजिण्यांमध्ये सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत. धाप लागणं, मान ताठ होणं, मूल गुंगीत जाणं, किंवा काचेच्या पेल्याने दाबूनही न पुसट होणारं पुरळ दिसलं तर वाट न बघता रुग्णालय.

पडून कायमचा दात मुळापासून निघाला तर तो वरच्या पांढऱ्या भागाने उचला, मुळाला हात नको. मळला असेल तर दुधाने किंवा पाण्याने क्षणभर विसळा, जमलं तर त्याच खाचेत परत बसवा, नाहीतर दुधात बुडवून अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्याकडे पोचा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही.

आणि उवा. त्या उड्या मारत नाहीत, डोक्याला डोकं लागलं की चालत जातात, आणि स्वच्छ केसांतही तितक्याच आनंदाने राहतात. त्यासाठी शाळा बुडवायची गरज नाही. ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावून बारीक दातांच्या फणीने मुळापासून टोकापर्यंत बट-बट विंचरा, दर वेळी फणी पांढऱ्या कागदावर पुसा. अंड्यांतून नवीन उवा आठ-दहा दिवसांत बाहेर येतात, म्हणून तीन-चार दिवसांनी पुन्हा, असं किमान दोन आठवडे. घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच दिवशी पाहा, आणि मुलीच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीच्या आईलाही फोन करून सांगा.